खात्याचे नाव

मराठीत 'खाते' हा शब्द फार दिवसांपासून अनेक घरी नांदतो आहे. वाण्याकडे उधारीचे खाते असते, बँकेत बचतीचे असते, तलाठ्याच्या दप्तरी जमिनीचे असते व त्याचा उतारा 'आठ अ' या नावाने मिळतो. सरकारचीही खाती असतात, आणि कोणाला कोणते मिळाले यावर पारावर चर्चा झडते. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आढळते. खाते आपल्या नावाचे असले, तरी ज्या वहीत ते मांडले जाते ती वही दुसऱ्याच्या हाती असते. वाणी, कारकून किंवा तलाठी आपले नाव लिहून घेतो, आणि ते बरोबर लिहिले गेले की नाही एवढेच पाहणे आपल्या वाट्याला येते.

२००० नंतरच्या दशकात या कुळात एका नव्या खात्याची भर पडली : मोबाइलवर इंटरनेट चालावे म्हणून ज्याचे त्याने आपल्या फोनमध्ये हाताने भरायचे खाते. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटते, कारण हा विषय तंत्रज्ञांचा जितका, तितकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे. शेवटी तो एक अर्ज होता. आणि अर्जातील कोणता रकाना कोणाला काय विचारतो हे वाचणे हे आपलेच काम आहे.

आजच्या विद्यार्थ्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आज सिमकार्ड घातले की फोन त्या सिमवरील देशाचा आणि कंपनीचा संकेतांक वाचतो, आपल्या पोटातील यादीत त्याची जोडी शोधतो आणि लागणारी माहिती स्वतःच भरतो. त्या काळी सिम एका कंपनीचे, यंत्र दुसऱ्या कंपनीचे, आणि दोघांची गाठ घालून देण्याचे काम मालकाचे. कंपनीला ठरावीक संदेश पाठवला तर तयार मांडणी संदेशातून येई, ती चार आकडी पिन मागे (बहुधा १२३४), आणि जतन केली की काम भागे. पण हे भाग्य कंपनीच्या यादीत ज्यांची नावे होती त्याच फोनना लाभे. हातबदल झालेला जुना संच असेल किंवा बाजारात नव्याने आलेला अनोळखी चिनी संच असेल, तर रकाने हातानेच भरावे लागत. नोकियाच्या साध्या संचांत त्यासाठी 'पर्सनल कॉन्फिगरेशन सेटिंग्ज' नावाची यादी असे, सोनी एरिक्सनमध्ये 'डेटा अकाउंट्स' असे. मुलांच्या तोंडी मात्र या सगळ्याला एकच शब्द होता : सेटिंग.

आम्ही तिघे त्या काळी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. भारनियमनामुळे संगणककक्ष दिवसाचा बराच वेळ काळोखात असे. गावात दोन नेट कॅफे होते. लाकडी आडोशांच्या त्या खुराड्यांत मुलींनी जाऊन बसावे अशी परिस्थिती नव्हती. आणि नेमक्या त्याच वर्षांत विद्यापीठाची वेळापत्रके, प्रवेशपत्रे, निकाल असे एकेक काम संकेतस्थळावर सरकू लागले होते. मोबाइल मात्र घरोघर पोहोचला होता. आमच्यापैकी एकाने आपल्या फोनवर हे खाते खटपट करून चालू केले, ही बातमी गावभर झाली, आणि संगणकाच्या विभागाऐवजी मराठी विभागाच्या दारात फोन घेतलेली मुले दिसू लागली. रिचार्जच्या दुकानात याच कामाचे पन्नास रुपये पडत आणि दुकानदार ते काउंटरच्या आड, पाठ फिरवून करी. आम्ही ते फुकट आणि समोरासमोर करत होतो, एवढाच आमच्यात आणि त्याच्यात फरक.

आता त्या अर्जाकडे वळू. पहिला रकाना खात्याच्या नावाचा. मग 'होम पेज', म्हणजे उघडल्याबरोबर दिसायचे पान. मग 'डेटा बेअरर', तेथे 'पॅकेट डेटा' निवडायचे. मग सर्वांत महत्त्वाचा 'ॲक्सेस पॉइंट', पुढे प्रॉक्सी असल्यास तिचा आकडी पत्ता व पोर्ट, आणि शेवटी 'यूजर नेम' व 'पासवर्ड'. मोबाइलच्या जाळ्यातून बाहेरच्या महाजालात जायला वेशी असतात. ॲक्सेस पॉइंटचे नाव म्हणजे त्या वेशीचे नाव. फोनने ते उच्चारले की जाळ्यातील यंत्रणा आपल्या नामसूचीत ते शोधते, वेस सांभाळणाऱ्या यंत्राचा ठिकाणा काढते, आणि ते यंत्र फोनला त्या वेळेपुरता एक आकडी पत्ता देते. नाव चुकले तर वेस सापडत नाही. नावामागे एखादी मोकळी जागा राहून गेली, तरी मुलगा तासभर डोके खाजवत बसे, कारण रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही.

ही नावेही वाचण्यासारखी होती. भारत संचार निगमची वेस 'बीएसएनएलनेट', एअरटेलची 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. आयडियाने सरळ 'इंटरनेट' असेच नाव ठेवले होते, जणू दुसरे इंटरनेट जगात नाहीच. व्होडाफोनच्या दोन वेशी होत्या : एक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', दुसरी 'पोर्टलएनएमएमएस'. पहिलीतून सगळे महाजाल, दुसरीतून प्रामुख्याने कंपनीचे स्वतःचे अंगण. अशी अंगणे सर्वच कंपन्यांनी सारवून ठेवली होती. तेथे रिंगटोन, भविष्य, विनोद आणि क्रिकेटचा धावफलक मिळे. पुष्कळांना इंटरनेट म्हणजे एवढेच असे कितीतरी दिवस वाटत होते. आयडिया आणि व्होडाफोन या कंपन्या २०१८ मध्ये एक झाल्या, अंगणे ओस पडली. पण त्या दिवसांत कोणत्या वेशीचे नाव टाकले आहे यावर माणसाला किती मोठे जग दिसणार हे ठरत होते.

ही नावे बोटांनी लिहायची असत, आणि कळा होत्या आकड्यांच्या. एकेका कळीवर तीन-चार रोमन अक्षरे. 'बीएसएनएलनेट' या सात रोमन अक्षरांसाठी सोळा वेळा कळ दाबावी लागे. त्यातला 'एस' एकटाच चार वेळा, कारण सातच्या कळीवर तो सर्वांत शेवटी बसलेला. सगळे भरून झाल्यावर फोन बंद करून पुन्हा चालू करायचा आणि कोपऱ्यात छोटा 'जी' किंवा 'ई' उगवतो का हे पाहायचे. नाही उगवला तर संदेश येत. त्यांतला 'नो गेटवे रिप्लाय' हा आमच्या विशेष स्मरणात आहे. वेशीकडून उत्तर नाही! एखाद्या कथेला शोभेल असे हे वाक्य नोकियाच्या कोणा अभियंत्याने सहज लिहून टाकले होते.

उत्तर आले की दुसरी चिंता सुरू होई. दहा केबीला दहा पैसे हा दर त्या काळी सर्रास ऐकू येई. म्हणजे एक एमबीला दहा रुपयांच्या थोडे वर. चित्रांनी भरलेले तीनशे केबीचे एखादे पान चुकून उघडले तर तीन रुपये गेले, आणि ते गेल्याचे पान पूर्ण उघडण्याआधीच कळे. 'सर, हे खाते पैसे खाते,' असे एक मुलगा म्हणाला आणि वर्गात पुढे कित्येक दिवस हा श्लेष चालला. यमक-अनुप्रास शिकवताना जे साधत नाही ते शिलकीच्या काळजीने साधले होते.

या अर्जातील ज्या रकान्यापाशी आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो, तो 'यूजर नेम'चा. आमच्याकडे येणाऱ्यांत एक बहिःस्थ विद्यार्थिनी होती. वर्गात न येता घरून परीक्षा देणारी. तालुक्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर तिचे सासर. मराठी विषय घेऊन ती एम. ए. करत होती. आदल्या वर्षी विद्यापीठाने एका पेपरची तारीख बदलली, पत्रक संकेतस्थळावर लागले, आणि ते तिच्या कानी आले तेव्हा पेपर होऊन गेला होता. त्या एका पेपरापायी वर्ष लांबले. घरात 'शिकून काय करायचंय' असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे मोठाच आधार मिळाला. हे वर्षही असेच गेले तर पुढचे मिळणार नाही, हे तिने आम्हांला अगदी शांतपणे सांगितले. तिच्याजवळचा फोन दिराने वापरून सोडलेला होता, आणि त्यातले सिम सासऱ्यांच्या नावावर होते.

फोन आमच्या हाती द्यायला तिने नकार दिला. 'तुम्ही सांगा, मी दाबते. उद्या बिघडलं तर इतक्या लांब कोणाकडं येऊ?' आम्ही रकाने वाचत गेलो, ती भरत गेली. पहिल्या रकान्यात रिवाजाप्रमाणे कंपनीचे नाव घातले. शेवटाकडे आल्यावर ती थबकली.

'इथं नाव कोणाचं टाकायचं? माझं का मामांचं?'

'कोणाचंच नाही. तो रकाना मोकळाच ठेवायचा.'

तिला ते पटले नाही, आणि न पटणे योग्यच होते. जन्मदाखल्यापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत ज्या ज्या कागदाने नाव विचारले, त्या त्या कागदावर नाव न लिहिले तर कागद परत येतो, असाच तिचा अनुभव. मग आम्ही जमेल तसे समजावून सांगितले : नाव विचारतात, पण नावाची गरज नसते. सिमकार्डात पंधरा आकड्यांपर्यंतचा एक क्रमांक कोरलेला असतो. फोन चालू झाला की तो जाळ्याला कळतो, आणि तो क्रमांक कोणाच्या नावे दिला आहे हे कंपनीच्या दप्तरी आधीच नोंदलेले असते. ओळख वेशीपर्यंत पोहोचण्याच्या आतच पटलेली असते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या खात्यांत नाव आणि परवलीचा शब्द हे दोन्ही रकाने कोरेच चालत.

ती म्हणाली, 'म्हणजे त्यांच्या लेखी मी मामाच.'

हे आम्हांला सुचले नव्हते. रिकाम्या रकान्याचा अर्थ आम्ही 'गरज नाही' असा लावत होतो. तिने तो 'आधीच दुसऱ्याच्या नावाने भरलेला' असा लावला, आणि तिचा अर्थ अधिक बरोबर होता. ती जी पाने उघडणार होती, जे वाचणार होती, त्या सगळ्याची नोंद एका साठीच्या शेतकऱ्याच्या नावावर होणार होती, ज्याने इंटरनेट हा शब्दही कदाचित उच्चारला नसेल. फोन कोणाच्या हातात आहे आणि सिम कोणाच्या नावावर आहे हा भेद आपल्याकडे त्या काळी घरोघर होता, आणि आजही अनेक घरांत आहे. ग्राहक मोजताना नावे मोजली जातात. वाचणारी माणसे त्या नावांच्या मागे उभी असतात.

फोन बंद करून चालू करण्यापूर्वी तिने विचारले, 'वर जे कंपनीचं नाव टाकलं, ते बदललं तर चालतं का?' चालते, असे आम्ही सांगितले. खात्याचे नाव हे फक्त त्या यंत्रातले लेबल असते. ते जाळ्याकडे जात नाही, कोणी तपासत नाही, कोणत्याही दप्तरी चढत नाही. यादीतून खाते ओळखू यावे एवढाच त्याचा उपयोग. तिने कंपनीचे नाव पुसले आणि कळा दाबून पाच रोमन अक्षरे लिहिली. आमच्याकडील नोंदीत तिचे जे नाव होते ते हे नव्हते. आमच्या चेहऱ्यांकडे पाहून ती म्हणाली, 'हे माहेरचं.'

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल सर्वांना ठाऊक आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि आडनाव, मधले नाव यांच्याबरोबर कधी कधी पहिले नावही जाते. मराठी अर्जात पहिल्या नावामागे वडिलांचे वा नवऱ्याचे नाव लावण्याची रूढी इतकी पक्की आहे, की आईच्या नावाला त्या रांगेत जागा मिळायला १ मे २०२४ उजाडावा लागला. त्या दिवसापासून जन्मणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने ते बंधनकारक केले. अशा प्रदेशात, आठ-दहा रकान्यांच्या एका परक्या अर्जात, एकच रकाना असा निघाला की ज्यात काय लिहावे हे कोणी ठरवून दिले नव्हते. तंत्राच्या दृष्टीने तो सर्वांत बिनमहत्त्वाचा रकाना होता, आणि कदाचित म्हणूनच तो मोकळा राहिला होता. पुढे आम्ही इतर मुलांनी त्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहू लागलो. बहुतेकांनी कंपनीचेच नाव ठेवले होते. एकाने गावाचे लिहिले होते, एकाने नुसते 'माझे'.

वेळापत्रकाचे पान उघडले. ते इंग्रजीत होते, आकडे स्पष्ट होते, तारखा तिने वहीत उतरवून घेतल्या. मग तिने मराठीतले काहीतरी पाहायची इच्छा दाखवली, आणि पडद्यावर चौकोनांच्या रांगा आल्या. ज्या यंत्रात देवनागरी टंक नसतो ते यंत्र प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन काढते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान होते, म्हणजे मराठी मजकूर त्या पानात शाबूत होता, फोनपर्यंत आलाही होता, त्याचे पैसेही कापले गेले होते. फक्त तो दिसत नव्हता. यावर उतारा मिळाला तो ओपेरा मिनी या न्याहाळकात. २००६ मध्ये तो जगभर खुला झाला होता. तो पान आधी आपल्या सर्व्हरवर मांडून, आटवून मग फोनकडे धाडे. त्याच्या पत्त्याच्या पट्टीत 'ओपेरा:कॉन्फिग' असे लिहिले की एक यादी उघडे, आणि तीत गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी अक्षरांची चित्रे वापरावीत काय, असा एक पर्याय सापडे. 'होय' म्हटले की मराठी दिसू लागे. ती अक्षरे नव्हती, अक्षरांची छायाचित्रे होती. निवडता येत नसत, शोधता येत नसत, आणि चित्रे म्हणून अधिक पैसे घेत.

तशीही देवनागरी या व्यवहारात महागच. महाजालावर रूढ असलेल्या संकेतपद्धतीत एका रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन. 'लक्ष्मी' हा शब्द आपल्या कानाला दोन अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशा सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटांचा. रोमन लिपीत लिहिला तर तोच शब्द सातांत बसतो. आटवणूक बाजूला ठेवली, तर दहा पैशांच्या दहा केबीत रोमन अक्षरे दहा हजारांवर मावतात आणि देवनागरी चिन्हे साडेतीन हजारांच्या आत. लघुसंदेशाचेही तेच : रोमनमध्ये १६०, देवनागरीत ७०. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सोय आधी कोणाची पाहिली गेली याचा तो क्रम होता. पण मुलांनी एकमेकांना रोमन लिपीत मराठी लिहिण्याची जी सवय त्या दशकात लावून घेतली, तिचा विचार करताना आपण अस्मितेच्या गोष्टी फार बोलतो आणि या हिशेबाचा उल्लेख करत नाही. विद्यार्थ्याच्या शिलकीत बारा रुपये असताना त्याने कोणत्या लिपीत लिहावे, हा प्रश्न भाषाप्रेमाचा कमी आणि पोटाचा जास्त होता.

आज हे सर्व मिटले आहे, आणि ते मिटले हे चांगलेच झाले. साध्या स्वस्त फोनवरही देवनागरी नितळ दिसते, आणि दहा केबीचा दर सांगितला तर मुले हसतात. ज्यांना ती सेटिंग जमली नाही ती मुले कायमची वेशीबाहेर राहत होती. त्या दिवसांविषयी हळवे होण्याचे आम्हांला कारण नाही. ते खाते मात्र नाहीसे झालेले नाही. फोनच्या सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली उतरलात तर 'ॲक्सेस पॉइंट नेम्स' आजही सापडेल, आणि त्यात यूजर नेमचा रकाना आजही बहुधा कोराच असेल. एम. ए.च्या वर्गात आम्ही कधी कधी मुलांना ते पान उघडून एखाद्या संहितेसारखे वाचायला सांगतो. कोण विचारतो आहे, कोणी आधीच उत्तर देऊन ठेवले आहे, आणि आपल्याला लिहायला कोणती जागा ठेवली आहे, एवढे तीन प्रश्न विचारतो. सिम कोणाच्या नावावर आहे हा चौथा प्रश्न मुलीच काढतात.

त्या विद्यार्थिनीने त्या वर्षी सगळे पेपर दिले आणि पुढल्या वर्षी तिची एम. ए. पूर्ण झाली. गुणपत्रक न्यायला आली तेव्हा तिच्या हातात दुसरा फोन होता. जुना पुतण्याकडे गेला होता. खाते पुसलेत का, असे आम्ही विचारले. नाही, म्हणाली, नेट चालतंय तर कशाला पुसायचं? मग हसून म्हणाली, 'पोराला वाटतं, ते कंपनीचंच नाव आहे.'